अज्ञातवासींचा संसार

पुण्याला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक शनिवारवाडा, सारसबाग, दगडूशेठ आणि बाकरवडीची खरेदी एवढे उरकून झेलमने परत येतात. मीही इतकी वर्षे तेच करत आलो. रेल्वेची नोकरी, मोजून मिळणारी रजा, नातेवाइकांकडची जेवणे. त्यात म्युझियम कुठे बसवायचे? गेल्या डिसेंबरात मात्र कन्येच्या हट्टामुळे बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाण्याचा योग आला. अर्ध्या तासात बाहेर पडू म्हणून गेलेलो आम्ही तिघे जवळजवळ चार तासांनी बाहेर आलो. मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा यंदा आग्रह झाला, तेव्हा त्या वस्तूंबद्दल आणि त्याहून जास्त त्या जमवणाऱ्या माणसाबद्दल लिहावे असे ठरवले.

म्युझियम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजाची तलवार, राणीचा हार, नाक तुटलेल्या मूर्ती असे काहीतरी येते. इथे तसलेही थोडे आहे, अगदी माशाच्या खवल्यांचे चिलखतसुद्धा आहे. पण हे घर भरले आहे ते अडकित्त्यांनी, वजऱ्यांनी, दौतींनी, कुलपांनी, किसण्यांनी, हुक्क्यांनी, पानाच्या डब्यांनी आणि दिव्यांनी. म्हणजे आपल्या आजीच्या फडताळात जे होते आणि तिच्या पश्चात आपण जे मोडीत घातले, ते सगळे! कन्येचा जन्म झाशीचा, शाळा हिंदी माध्यमाची. अडकित्ता हा शब्द तिला सांगावा लागला. सरौता म्हटल्याबरोबर तिची ट्यूब पेटली, कारण आपल्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या हातात ती तो रोज बघते. वजरीला ती झाँवा म्हणाली. सौ. म्हणाली, दोन्ही शब्द लक्षात ठेव, वस्तू आधीच गेली आहे.

तर हा संसार जमवणारे गृहस्थ म्हणजे दिनकर गंगाधर केळकर. जन्म १० जानेवारी १८९६. पुण्यात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण संग्रहालये उभारणारी माणसे बहुधा संस्थानिक, दिवाण नाहीतर गिरणीमालक असतात. हैदराबादचे सालारजंग म्युझियम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते जमवणारे तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, केळकरांपेक्षा सात वर्षांनी मोठे. त्यांनी काही काळ निजामाची दिवाणगिरी केलेली. युरोपातून संगमरवरी पुतळे आणि घड्याळे आणवणे त्यांना शक्य होते. केळकरांकडे गल्ला होता तो चष्म्यांचा. त्या गल्ल्यावर घर चालवायचे आणि उरेल त्यातून दुसऱ्याच्या माळ्यावरचा दिवा विकत घ्यायचा, असा हा हिशोब.

शिवाय गृहस्थ कवी! अज्ञातवासी या टोपणनावाने त्यांनी कविता लिहिल्या आणि त्या काळच्या मराठी वाचकांना ते त्याच नावाने ठाऊक होते. इतिहासाची ओढ मोठी. त्या काळी पुण्यात इतिहासाचे वारे जोरात होते. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये निघालेले, आणि रुमाल सोडून जुनी कागदपत्रे वाचणारी एकाहून एक मोठी माणसे शहरात वावरत होती. ती विद्वान मंडळी कागदाच्या मागे होती, केळकर वस्तूच्या मागे लागले. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. कागदात लढाया असतात, तह असतात, देणीघेणी असतात. पण पेशवाईतल्या एखाद्या साध्या घरातली बाई शेवया कशावर करत होती, अंघोळीला बसल्यावर टाच कशाने घासत होती, हे सहसा कोणी बखरीत लिहून ठेवत नाही. ते त्या वजरीलाच विचारावे लागते.

साधारण १९२० च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू झाल्या. सवयीने मी तिथल्या तिथे भागाकार केला: ४० वर्षांत १५,००० म्हणजे वर्षाला ३७५, म्हणजे दिवसाला एकाहून थोडी जास्त. सणवार, आजारपण, दुकान, पाऊस काही न वगळता रोज एक वस्तू, चाळीस वर्षे! आणि या गोष्टी बाजारात मांडून ठेवलेल्या नसत. कोणाच्या वाड्याची वाटणी होते आहे, कोणाचे जुने घर पाडताहेत, कुठल्या गावात जुन्या सरदाराच्या घरी काय पडून आहे, याचा माग काढत जावे लागे. महाराष्ट्र तर झालाच, पण गुजरात, राजस्थान, कर्नाटक, दक्षिण असे करत ते देशाच्या कानाकोपऱ्यात हिंडले. पत्नी कमलाबाई या सगळ्यात त्यांच्या बरोबरीने होत्या. नवऱ्याने रोज एक जुने भांडे घरी आणावे आणि बायकोने ते पुसून, जपून ठेवावे, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. आमच्या घरी मी एक जुना पितळी कंदील आणला होता, तर तो ठेवायचा कुठे यावर आठवडाभर चर्चा चालली होती.

केळकर कोणाशी शर्यत लावून होते, हेही लक्षात घ्यायला हवे. विद्वानांशी नव्हे, मोडवाल्याशी. पितळ आणि तांबे ही मोडीत चांगला भाव येणारी चीज. जुने भांडे द्यायचे, वजन करायचे, वरचे पैसे भरून नवे न्यायचे, ही आपल्याकडची सर्रास रीत. घडणावळीला मोडीत किंमत नसते. पोपटाच्या आकाराचा, चोचीने सुपारी फोडणारा अडकित्ता आणि तुटका तांब्या तराजूत एकच. पुढे स्टेनलेस स्टील आले आणि चकचकीत डब्यांच्या हौसेपायी घरोघरची पितळ बाहेर पडली. ती भट्टीत जाण्याआधी तिच्यातला एखादा नग उचलणारा माणूस म्हणजे केळकर.

आमच्या खात्यातही हे रोजचेच आहे. मी सिग्नलचा माणूस. सेमाफोर सिग्नलच्या पितळी बत्त्या, हातबत्त्या, नीलचे बॉल टोकन यंत्र, लिव्हर फ्रेमच्या पितळी पाट्या हे सगळे माझ्या नोकरीच्या काळात एकेक करून निघाले आणि लॉट नंबर घेऊन लिलावात गेले. किलोवर. त्यातले काही रेल्वेच्या म्युझियममध्ये पोचले, पण फार थोडे. म्हणून त्या काचेच्या कपाटांपुढे उभा राहिलो तेव्हा मला कलेपेक्षा आधी त्या माणसाची घाई जाणवली.

आता थोडे वस्तूंबद्दल, कारण तिथे माझ्यातला डिप्लोमावाला जागा झाला. अडकित्ता घ्या. पहिल्या वर्षाच्या अप्लाइड मेकॅनिक्समध्ये तरफेचे प्रकार शिकवताना दुसऱ्या प्रकाराला हेच उदाहरण देतात: टेकू एका टोकाला, भार मध्ये, जोर दुसऱ्या टोकाला. सुपारी खिळीच्या जितकी जवळ आणि हात जितका लांब, तितकी ती सहज फुटते. एवढे साधे यंत्र. पण इथे ओळीने मांडलेले अडकित्ते पाहिले तर कारागिराने त्या दोन दांड्यांचे काय काय केले आहे! कुठे घोडा, कुठे पक्षी, कुठे एकमेकांना बिलगलेली स्त्री-पुरुषाची जोडी. अडकित्ता मिटला की ती जवळ येते, उघडला की दूर होते. (तिथे कन्येला मी पुढच्या कपाटाकडे नेले.) गंमत म्हणजे एवढी नक्षी करूनही पकड कुठे बिघडलेली नाही. अंगठा जिथे यायला हवा तिथे येतो, पाते बसायला हवे तिथे बसते.

वजऱ्यांचेही तसेच. टाच घासायची वस्तू ती, खालची बाजू खरबरीत असली की काम झाले. पण वरच्या मुठीला कोणी पक्षी केला आहे, कोणी हत्ती. टाच घासणे हे काही कोणी पाहुण्यांसमोर करत नाही. न्हाणीघरात, एकटीने, पाच मिनिटांचे काम. तरी त्या पाच मिनिटांसाठी कोणीतरी हत्तीच्या सोंडेला वळण दिले. हे कोणासाठी, असा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर त्या बाईखेरीज दुसरे कोणी नाही.

कुलपांपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. रेल्वेच्या सिग्नलवाल्याला कुलूप म्हणजे जीव की प्राण. सांधा नीट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय किल्ली बाहेर निघता कामा नये आणि किल्ली हातात आल्याशिवाय सिग्नल पडता कामा नये, यावर आमचे सगळे शास्त्र उभे. जुन्या देशी कुलपांत एक प्रकार असतो, त्यात आतल्या दांड्याला पोलादी पाती बसवलेली असतात. दांडा आत ढकलला की पाती फाकतात आणि अडकून बसतात. किल्ली फिरवायची नसते, सरकवायची असते. तिच्या खाचांनी पाती दाबली जातात आणि दांडा सुटतो. स्क्रूसारखी फिरवत आत न्यायची किल्लीही असे. लोहाराने भात्यावर बसून, ड्रॉइंगशिवाय, मायक्रोमीटरशिवाय हे केले. आमच्या वर्कशॉपमधले जुने फिटर असेच डोळ्याने माप घेत. तेही आता निवृत्त झाले.

दिव्यांचे दालन मात्र शब्दांत मावणार नाही. समया, लामणदिवे, हातात धरायचे, भिंतीला लावायचे. नुसत्या साखळ्या बघाव्यात! पानांच्या, पाखरांच्या कड्या एकमेकींत ओवलेल्या. पलीकडे वाद्ये आहेत, त्यांत मोराच्या आकाराचे ताऊस आहे. गंजिफाची गोल पाने, सोंगट्या, बाहुल्या, पैठणची चित्रकथी, गुजरातकडचे कोरीव दरवाजे आणि खिडक्या अख्ख्याच्या अख्ख्या. स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी सौ. थांबली ती थांबलीच. विळी, किसणी, शेवया करायचे साधन अशी एकेका वस्तूवर बोट ठेवून ती कन्येला सांगत होती आणि शेजारी उभ्या असलेल्या एक अनोळखी आजी तिच्या सांगण्यात दुरुस्त्या करत होत्या. फुकटचा गाईड मिळाला.

आपणा झाशीकरांसाठी तिथे एक खास जागा आहे, ती म्हणजे मस्तानी महाल. मस्तानी आपल्या बुंदेलखंडची. १७२९ मध्ये बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावांनी छत्रसाल महाराजांना सोडवले, महाराजांनी आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा त्यांना दिला आणि त्याच हिश्शातून आपली झाशी मराठ्यांकडे आली. आपण सगळे इथे आहोत ते एका परीने त्या घटनेमुळेच. मस्तानी इथून पुण्याला गेली. पुण्याने तिला कसे वागवले ते सांगायला नको. कोथरूड तेव्हा पुण्याच्या बाहेरचे गाव. तिथे बाजीरावांनी तिच्यासाठी वाडा बांधला. १७४० मध्ये एप्रिलच्या २८ तारखेला बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला गेले आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. वाडा उरला. पुढे त्याची पडझड झाली, तेव्हा केळकरांनी त्याचे लाकूडकाम आणले आणि आपल्या संग्रहालयात तो महाल पुन्हा उभा केला. पुण्याच्या पेठेत जिला जागा नव्हती, तिचा महाल शेवटी शुक्रवार पेठेत आला, तोही एका चष्मेवाल्या कवीच्या घरी! मी आणि सौ. त्या खांबांपाशी काही वेळ गप्प उभे होतो. कन्येने विचारले की इथून झाशी किती किलोमीटर. ते मात्र मला तोंडपाठ, अर्थात रेल्वेच्या मार्गाने.

एवढे सगळे पाहून झाल्यावर नावाकडे लक्ष जाते. राजा दिनकर केळकर संग्रहालय. आत जाताना मला वाटले होते की दिनकर केळकरांना कोणीतरी राजा ही पदवी दिली असावी. तसे नाही. राजा हे त्यांच्या मुलाचे नाव. तो लहानपणीच गेला. बापाने १९६२ मध्ये संग्रहालय सुरू केले ते त्याच्या नावाने. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव आणि मग आडनाव, शाळेच्या हजेरीपटावर लिहितात तसे. एवढे समजल्यावर मी परत आत जाऊन खेळण्यांची कपाटे पुन्हा पाहिली. पहिल्या खेपेला त्यांच्यापुढून भरभर पुढे गेलो होतो. लाकडी, पितळी, कोणाच्या तरी मुलांनी खेळून कोपरे झिजवलेली. आपल्या घरात खेळणारे कोणी नसताना दुसऱ्यांच्या मुलांची खेळणी पुसून कपाटात लावायची, हे काम केळकर दांपत्याने कसे केले असेल याबद्दल मी काही लिहिणार नाही. ते ज्याचे त्याने ओळखावे.

काही जण सांगतात की या दुःखामुळे ते वस्तूंच्या नादी लागले. मला हे पटत नाही. दुःखामुळे माणूस एक-दोन वर्षे काहीतरी धरून बसतो. चाळीस वर्षे रोज एक वस्तू असे दुःखाने होत नाही. त्याला आवड लागते, नजर लागते, घासाघीस करायची चिकाटी लागते आणि थोडासा चक्रमपणाही लागतो. नाव मुलाचे, पण नाद त्यांचा स्वतःचा, असे मला वाटते.

मग १९७५ साल. केळकरांचे वय ७९. त्या वर्षी त्यांनी आपला सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन केला. विकला नाही, दिला. परदेशी संग्राहकांना आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांना या वस्तूंची चटक लागण्याचे ते दिवस होते. एकेक नग विकला असता तरी दोन पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. सरकारी कारभार कसा असतो ते मला आतून माहीत आहे. एक साधा डेड स्टॉक रजिस्टरमधला नग इकडचा तिकडे करायचा तर तीन सह्या आणि दोन स्मरणपत्रे. त्यामुळे आयुष्यभर स्वतः पुसलेली प्रत्येक वस्तू नगसंख्येने मोजून, यादीवर सही करून सोपवताना त्या म्हाताऱ्याचा हात कसा चालला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट जमवणे ही नव्हे, ही सही. पण ती त्यांनी केली म्हणून आज माझ्यासारखा कोणीही तिकीट काढून आत जाऊ शकतो.

पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. दिली, म्हणून त्यांच्या नावामागे डॉक्टर लागते. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. संग्रह आज २०,००० वस्तूंच्या वर आहे आणि जागेअभावी त्यातल्या सुमारे २,५०० मांडलेल्या आहेत. म्हणजे चार तास पाहून आम्ही जे पाहिले ते आठव्या हिश्शाहून अधिक नव्हे. उरलेले सात हिस्से आत बंद आहेत.

जाणाऱ्यांसाठी: पुणे स्टेशनवरून रिक्षावाल्याला बाजीराव रस्ता, नातू बाग एवढे सांगितले की पुरे. सकाळी उघडताच जावे, गर्दी कमी असते. इमारत मजल्यांची आहे आणि जिने चढावे लागतात, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांनी घाई करू नये. घरातले सर्वांत वयस्कर माणूस बरोबर न्यावे. पाट्या वाचण्यापेक्षा त्यांना विचारलेले बरे. वस्तूचे नाव, ती कशी धरायची आणि कोणाच्या घरी होती, हे सगळे ती मंडळी एका दमात सांगतात.